वाचून दाखवलं, समजलं, मग सही केली



पेण असो नाही तर रोहा, दुय्यम निबंधकांच्या कचेरीबाहेर सकाळी अकराच्या सुमाराला एकदा उभं राहून बघा. बाकावर बायका बसलेल्या दिसतात. मांडीवर पिशवी, पिशवीत आधारकार्ड आणि दोन फोटो. कशाची सही आहे हो, असं विचारलं तर कुणी म्हणते, "भावाने बोलावलंय." कुणी म्हणते, "ह्यांनी सांगितलंय, अंगठा द्यायचाय." कागदात काय लिहिलंय ते बहुतेकींना ठाऊक नसतं. आणि गंमत बघा, जवळजवळ प्रत्येक दस्ताच्या शेवटी एक ओळ ठरलेली असते. दस्त वाचून दाखवला, तो समजला, मान्य आहे, म्हणून राजीखुशीने सही केली.

आज आम्ही या एका ओळीचा इतिहास सांगणार आहोत. ती खरी व्हावी म्हणून आपल्या मुलखात किती पिढ्या झगडल्या ते सांगू. आणि घर-जागा घेताना किंवा विकताना ती ओळ आपल्यापुरती खरी करून देणारा वकील कसा ओळखायचा, तेही बघू.

आधी आमच्या गटातल्या एका ताईची गोष्ट ऐका. माहेर रोह्याच्या बाजूला, सासर पेण तालुक्यात. वडील गेल्यावर भावांनी घर आणि घरालगतची वरकस जमीन विकायला काढली. गिऱ्हाईक मुंबईचं. भावाचा फोन आला, "ताई, वारसनोंदीची सही आहे, येऊन जा." ताई गेली. तिथे एक वकील कागद घेऊन तयारच होता. हिने विचारलं, "हे वकील कुणाचे?" उत्तर आलं, "सगळ्यांचेच आहेत गं." आता ही बाई गटाचा हिशेब सात वर्षं लिहिणारी. तिने कागद हातात घेतला. पहिल्याच पानावर मथळा होता, हक्कसोडपत्र. खाली लिहिलं होतं की तिने काहीही मोबदला न घेता वडिलांच्या मिळकतीतला आपला हक्क भावांच्या लाभात सोडला आहे. ताई कुणाशी भांडली नाही. "माझा चष्मा घरी राहिला," म्हणाली, कागदाची एक झेरॉक्स मागून घेतली आणि एसटीने परत आली.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी मागे जाऊ या, खोतांच्या काळात.

खोताची वही आणि कुळाचा अंगठा

आपला रायगड जिल्हा १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता. इथे बऱ्याच गावांत खोती होती. गावाचा सारा सरकारात भरायचा तो खोताने, आणि कुळांकडून पिकाचा वाटा वसूल करायचा तोही खोतानेच. जमीन कसणारा एक आणि वहीत नाव दुसऱ्याचं. कुळाने कोणत्या अटीवर जमीन कसायची, याचा कागद म्हणजे कबुलायत. तो लिहायचा लिहिता येणाऱ्याने, आणि अंगठा द्यायचा न वाचता येणाऱ्याने. आत काय लिहिलंय ते सांगणारा माणूस समोरच्या बाजूचाच असायचा.

बाईचं नाव तर त्या कागदातही क्वचितच. पेणच्या खारेपाटात खाडीला बांध घालून भातशेती उभी राहिली. बांधाला खांड गेली की चिखलाची पाटी डोक्यावर घेऊन बायका पुरुषांच्या बरोबरीने राबल्या. त्यांची नावं कुठल्या वहीत शोधायची?

या अंगठ्याच्या राज्याला मोठा धक्का बसला तो अलिबाग तालुक्यातल्या चरी गावातून. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने चरी आणि आजूबाजूच्या २५ गावांतल्या शेतकऱ्यांनी संप केला. खोताची जमीन कसायचीच नाही, असा संप. तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं शेतं पडीक राहिली. घरात दाणा नाही तेव्हा चूल कशी पेटवायची, हा प्रश्न त्या गावांतल्या बायकांनी रोज सोडवला. लाकूडफाटा विकून, मजुरी करून घर चालवलं. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले होते. पुढे १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती नाहीशी करणारा कायदा झाला तो १९४९ चा.

ही लढाई जमिनीची होती, तशी कागदाचीही होती. कसणाऱ्याचं नाव सरकारी दप्तरात लागावं, एवढ्यासाठी माणसं सहा वर्षं उपाशी राहिली.

नाशिकची कॉर्नेलिया

त्याच्याही आधी, आपल्याच महाराष्ट्रात जन्मलेल्या एका बाईने या अंगठ्याचा प्रश्न वेगळ्या वाटेने हाती घेतला होता. कॉर्नेलिया सोराबजी तिचं नाव. १८६६ साली नाशिकला जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण. इंग्लंडला ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकून १८९२ साली परीक्षेला बसणारी ती पहिली बाई. परत आली तर कोर्टात उभं राहायला परवानगी नाही. बाई आणि वकील, हे तेव्हा जमतच नव्हतं. मग १९०४ पासून तिने बंगाल सरकारच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये नोकरी धरली. काम काय, तर पडद्यातल्या विधवा आणि वारस बायकांकडे स्वतः जायचं, त्यांच्या मिळकतीचे कागद बघायचे आणि त्यांना समजावून सांगायचे. या बायका परपुरुषासमोर येत नसत. त्यामुळे त्यांचे कागद दिवाणजी नाही तर दीर वाचायचे आणि पडद्याआड अंगठा घेऊन जायचे. कॉर्नेलिया आत जाऊ शकत होती, कारण ती बाई होती.

स्त्रियांना वकिलीचा दरवाजा उघडणारा कायदा झाला १९२३ साली. त्यानंतर लवकरच मिठन टाटा मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या. आज आपल्या तालुक्यांतल्या कोर्टांत काळा कोट घातलेली मुलगी दिसली की आपण "वकीलबाई" म्हणतो आणि पुढे जातो. त्या कोटाला एवढा इतिहास आहे.

याच काळात न्यायालयांनीही एक तत्त्व पक्कं केलं. पडद्यातल्या बाईने मिळकत लिहून दिली असेल, तर तो कागद तिला नीट समजावून सांगितला होता आणि तिने तो समजून केला, हे कागदाचा फायदा घेणाऱ्याने सिद्ध करायचं. ती स्वतंत्र सल्ला घेऊ शकत होती का, हेही न्यायालय बघतं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९२५ च्या एका निकालात हे स्पष्ट सांगितलं आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ते मानलं. पुढे निरक्षर बायकांच्या बाबतीतही न्यायालयांनी हाच विचार लावलेला आहे. स्वतंत्र सल्ला म्हणजे काय? कागदाचा ज्याला फायदा आहे त्याने आणलेला माणूस सोडून, फक्त आपल्या बाजूने उभ्या असलेल्या माणसाचा सल्ला.

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं मुख्य ते एवढंच आहे. "सगळ्यांचा वकील" असं काही नसतं. आमच्या ताईला हे पुस्तकातून माहीत नव्हतं, पण "हे वकील कुणाचे?" हा तिचा प्रश्न बरोबर होता.

सातबाऱ्यावर साठलेला इतिहास

आता प्रश्न येतो, वकील इथलाच का हवा? मुंबईला मोठमोठे वकील आहेत की. त्याचं उत्तर आपल्या सातबाऱ्यात आहे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, दोन्ही मिळून सातबारा. त्यावर 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. आपल्या मुलखाचा पाऊणशे वर्षांचा इतिहास त्या रकान्यात बारीक अक्षरात साठलेला असतो, आणि तो वाचायला इथली सवय लागते.

पहिली गोष्ट कूळकायद्याची. १९४८ चा कूळकायदा, त्यात १९५६ साली झालेली सुधारणा, आणि मग आला १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने मालक मानला गेला. त्याने ठरलेली किंमत भरायची आणि ३२-म चं प्रमाणपत्र घ्यायचं. चरीच्या संपाचं फळ ते हेच. पण अशी मिळालेली जमीन लगेच सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून कायद्याने तिच्यावर कलम ४३ चं बंधन घातलं. परवानगीशिवाय विकायची नाही. २०१४ पासून यात सवलत झाली. प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या आकाराच्या ४० पट नजराणा भरून ती जमीन विकता येते. आकार बहुधा थोड्या रुपयांचाच असतो, म्हणजे रक्कम मोठी नाही. पण ती भरायची राहिली आणि तशीच विक्री केली, तर व्यवहार अडकतो.

याच कायद्यात बाईची एक गोष्ट लपलेली आहे. जमिनीची मालकीण विधवा असेल, तर कुळाची खरेदी पुढे ढकलली जायची. हेतू चांगला होता, एकट्या बाईचा आधार एकदम जाऊ नये. पण त्यामुळे काही जमिनींची खरेदी नंतर झाली, काहींची राहूनच गेली. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाखाली जुन्या कुळाचं नाव दिसलं, तर जाणता वकील लगेच विचारतो, १९५७ साली मालक कोण होतं? बाई होती का? विधवा होती का?

दुसरी गोष्ट आपल्या कातकरी आणि ठाकूर भावंडांची. त्यांच्या जमिनी फसवून घेतल्या जात होत्या म्हणून ६ जुलै १९७४ पासून जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आलं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला सरकारी मंजुरीशिवाय विकत घेता येत नाही. ही जमीन कुणी "स्वस्तात मिळतेय" म्हणून दाखवली तर हात जोडून परत यायचं. त्यात आपला पैसा जातो आणि त्यांचा निवारा.

तिसरी नोंद खाजगी वनांची. डोंगराकडच्या वरकस जमिनींवर १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याची नोंद असू शकते. शिवाय वर्ग १ आणि वर्ग २ हा फरक आहेच. भोगवटादार वर्ग २ म्हणजे सरकारची अट असलेली जमीन. आणि शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी लागतो, हे कूळकायद्याचं कलम ६३ आहे.

चौथी गोष्ट घराची. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात. तो घरपट्टीसाठी असतो, त्यावरचं नाव म्हणजे मालकीचा पक्का पुरावा नाही. २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका द्यायला सुरुवात झाली. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर पत्रिकेवर कुणाचं नाव लागलंय ते आधी बघा. पेण किंवा रोहा शहरात घर घेत असाल तर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मागायचंच. नव्या इमारतीतला फ्लॅट असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांकही विचारा.

हे सगळं एखाद्या जाणत्या वकिलाला मुंबईत बसूनही कळेल. पण इथे रोज दप्तर चाळणाऱ्याला कुठल्या गावात कसली नोंद असते, कुठल्या वर्षीचा फेरफार मागवायचा, जुना नकाशा कुठे मिळेल, हे सरावाने माहीत असतं. जागेवर जाऊन चतुःसीमा बघायलाही तो येऊ शकतो.

लेकीचं नाव

आता माहेरच्या वाट्याचा इतिहास. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने लेकीला वडिलांच्या वाट्यात हिस्सा दिला, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हक्क होता तो मुलालाच. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा बदलून लेकीलाही तो हक्क दिला, मात्र ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्या वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्याने ही अट गेली. तरी भांडण राहिलंच, की वडील २००५ च्या आधी वारले असतील तर काय? ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हक्क जन्माने आहे, त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. अर्थात २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री मोडत नाहीत.

सासरच्या बाजूलाही प्रयत्न झाले. १९८९ च्या सुमाराला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, घरधन्याने आपल्या जमिनीत बायकोचं नाव लावावं म्हणून. १९९२ मध्ये सरकारने त्यासाठी परिपत्रक काढलं. १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. खरेदीच्या वेळी वकिलाला हे आवर्जून विचारा.

नाव लागलेलं का हवं, हे आपल्या पेणने २००८ साली बघितलं आहे. महामुंबई सेझसाठी जमिनी जाणार होत्या, तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. विरोधाचा आवाज मोठा होता. सेझ आला नाही, पण जमिनीचे दलाल गावात आले ते राहिले. आता २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाल्यावर तर मुंबई आणखी जवळ आली. संपादन असो की विक्री, नोटीस येते ती दप्तरात नाव असलेल्याला. जिचं नाव नाही तिला गावच्या कट्ट्यावर बातमी कळते.

वकील पारखताना

म्हणजे वकील इथलाच हवा. पण यात एक धोकाही आहे. लहान तालुक्यात सगळे एकमेकांना ओळखतात. दलाल ज्याच्याकडे रोज गिऱ्हाईक नेतो, तो वकील दलालाला दुखवेल का? म्हणून आमच्या गटाने एक साधं सूत्र ठरवलं आहे. वकील जमिनीच्या ओळखीचा असावा, समोरच्या माणसाचा नसावा.

पहिल्या भेटीत आम्ही चार-पाच गोष्टी विचारतो. साहेब, किंवा वकीलबाई, तुम्ही या व्यवहारात आणखी कुणाचं काम बघताय का? या गिऱ्हाइकाचं, या बिल्डरचं, या दलालाचं? एका बाजूला सल्ला दिल्यावर त्याच कामात दुसऱ्या बाजूने उभं राहणं वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. बँकेचं कर्ज असेल तर बँकेचा वकील कागद तपासतो, पण तो बँकेच्या पैशासाठी. आपल्यासाठी वेगळा माणूस लागतो.

मग विचारतो, शोध किती वर्षांचा घ्याल? निदान ३० वर्षांचा घेण्याची रीत आहे. दुय्यम निबंधकांकडे मिळकतीवर कोणते दस्त झाले, गहाण आहे का, आधी कुणाला साठेखत लिहून दिलंय का, हे त्यातून कळतं. शोध अहवाल लेखी मागायचा, मराठीत मागायचा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची का, तेही विचारायचं.

फी आधी ठरवायची आणि पावती घ्यायची. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि वकिलाची फी वेगवेगळी लिहून मागायची. "विक्रीतला अमुक वाटा मला द्या," असं कुणी म्हणालं तर उठायचं, मिळकतीच्या वाट्यावर फी घेणं नियमाला धरून नाही. सनद आहे का, हेही विचारायला लाजू नये. कचेरीबाहेर टंकलेखन करून देणारे आणि दस्त लिहिणारे कामाचे असतात, पण लिहिणारा आणि सल्ला देणारा यांत फरक आहे.

कागदांची नावंही ओळखायला शिका. साठेखत म्हणजे विकण्याचा करार, त्याने मालकी येत नाही. मालकी येते नोंदलेल्या खरेदीखताने. शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीशिवाय होत नाही, मग त्यावर नोटरीचा शिक्का कितीही गोल आणि लाल असो. एखाद-दोन गुंठ्यांचा तुकडा नोटरीच्या कागदावर घेऊन पस्तावलेली कुटुंबं आपल्या आजूबाजूला आहेत. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घर घेतल्यानेही मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितलं आहे. विकणारी बाई असेल तर "संपूर्ण मोबदला मिळाला" हे वाक्य शोधायचं, आणि पैसे आपल्या स्वतःच्या खात्यात जमा झालेत का ते बघूनच सही करायची. खरेदीनंतर फेरफार नोंदला गेला का, हे पुन्हा जाऊन बघायचं. त्या नोंदीवर हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात, हेही लक्षात ठेवा. तुमच्या अपरोक्ष काही नोंद होत असेल तर तेवढेच दिवस हातात असतात.

फीला पैसे नसतील तर? १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याचं प्राधिकरण अलिबागला आहे, आणि १५१०० या नंबरवर फोन करता येतो.

ताईचं पुढे काय झालं

ताईबरोबर आम्ही दोघीजणी दुसऱ्या वकिलाकडे गेलो. त्यांनी हक्कसोडपत्र बाजूला ठेवलं आणि जुने फेरफार मागवले. जमीन ताईच्या आजोबांना कूळकायद्याने मिळालेली निघाली. सातबाऱ्यावर कलम ४३ चा शेरा होता. नजराणा भरलेला नव्हता, आणि मुंबईचं गिऱ्हाईक शेतकरी आहे का हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हणजे विक्री तशीच झाली असती तर ताईचा हक्क गेला असताच, पण उद्या गिऱ्हाइकाने पैसे परत मागितले असते तेव्हा भाऊही गोत्यात आले असते.

ताईने भावांना बोलावून हे सांगितलं. आधी आवाज चढले. वहिनी म्हणाली, "माहेराला कोर्टात ओढतेस का?" ताई म्हणाली, "कोर्टात जायला लागू नये म्हणूनच आलेय." शेवटी नजराणा भरला गेला, शेतकरी असलेला दुसरा घेणारा बघितला, आणि खरेदीखतात लिहून देणार म्हणून भावांबरोबर ताईचंही नाव आलं. तिचा हिस्सा तिच्या खात्यात जमा झाला. धाकटा भाऊ दोन महिने बोलला नाही. गौरी आल्या तेव्हा मात्र स्वतः न्यायला आला.

खरेदीच्या दिवशी वकिलांनी सगळ्यांना समोर बसवून दस्त पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. पाऊण तास लागला. बाहेर रांगेतली माणसं कुरकुरत होती. ताईने मध्येच दोनदा थांबवून अर्थ विचारला. मग शेवटची ओळ आली, वाचून दाखवला, समजला. ताईने चष्मा पुसला आणि सही केली.

पुढच्या बैठकीला तुमच्या गटात प्रत्येकीने आपल्या घराचा नमुना ८, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, जे असेल ते घेऊन या. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कुणाचं नाव आहे, कुणाचं राहिलंय, इतर हक्कात काय लिहिलंय, एवढंच बघायचं. जे कळणार नाही ते वहीत टिपून ठेवा. वकिलाकडे जाताना ती वही बरोबर न्या.